काळ्या गाडीवरचे स्वर्ल, डीए पॉलिशर आणि सोसायटीची परवानगी

काळी गाडी घेतली की पहिलं वर्ष छान जातं. मग कधीतरी रात्री पेट्रोल पंपावरच्या पांढऱ्या लाइटखाली बॉनेटकडे लक्ष जातं आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल गोल रेषा दिसतात, आणि एकदा दिसल्या की मग रोज दिसत राहतात. हेच स्वर्ल मार्क्स. माझी गाडी २०१८ ची, मुलुंडला सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी असते, आणि तिचे स्वर्ल मी २०२४ च्या डिसेंबरमध्ये घरीच पॉलिशिंग मशीनने काढले. सुरू करायच्या आधी मला जाम भीती वाटत होती, जे व्हिडिओ बघितले त्यात सगळ्यांकडे मोठं गॅरेज, प्रेशर वॉशर, छताला लाइट्स, आणि इथे पाणी बादलीने आणायचं, प्लग पॉइंट सोसायटीचा, म्हणून जे जे केलं ते क्रमाने लिहितेय.

आधी हे नक्की काय असतं ते. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. स्वर्ल या क्लिअर कोटवरच असतात, रंगापर्यंत गेलेले नसतात. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की धुळीचे कण कापडाखाली घासत जातात आणि केसापेक्षा बारीक चरे पाडतात. खरंतर ते चरे सगळ्या दिशांना असतात, पण लाइटच्या भोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून आपल्याला गोल दिसतात. ट्यूबलाइटखाली काहीच दिसत नाही, उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली सगळं दिसतं. त्यामुळे गाडी तपासायची तर टॉर्च घेऊनच तपासा.

दिवाळीआधी मी दोन-तीन ठिकाणी विचारून आले. एका जागी पंधराशे रुपयांत 'रबिंग पॉलिश' करून देतो म्हणाले, स्वर्ल जातील का विचारलं तर "गाडी नवी दिसेल मॅडम" एवढंच उत्तर. अशा पॉलिशमध्ये बरेचदा तेलकट फिलर असतात, ते चऱ्यांमध्ये भरून बसतात, गाडी चकाचक दिसते आणि चार-पाच वेळा धुतली की जाळी परत वर येते. डिटेलिंग स्टुडिओत एका स्टेजच्या पेंट करेक्शनचे (म्हणजे मशीनने एकदा पॉलिश करून चरे काढायचे) आठ हजार सांगितले, सिरॅमिक कोटिंग (पेंटवरचा कडक संरक्षक थर) धरून बावीस. तिथल्या मुलाने टॉर्च मारून मला नीट समजावलं आणि पेंटची जाडी मोजल्याशिवाय कुणालाही मशीन लावू देऊ नका असं आवर्जून सांगितलं. हा सल्ला सोन्याचा होता.

जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका मित्राकडे जाडी मोजायचं मीटर होतं ते रविवारपुरतं आणलं. लोखंडी पत्र्यावर टेकवलं की वरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी मायक्रॉनमध्ये येते, प्लास्टिकच्या बंपरवर काही येत नाही. बॉनेट, छत, दरवाजे सगळीकडे ११० ते १२५ च्या आसपास, फक्त उजवा मागचा दरवाजा २५० च्या वर. तो दरवाजा मागे इन्शुरन्स क्लेममध्ये परत रंगवलेला, त्यामुळे अपेक्षितच होतं, पण रंगवलेल्या भागाचा पेंट वेगळा वागू शकतो हे डोक्यात ठेवावं लागतं. या ११०-१२५ मधला क्लिअर कोट म्हणजे ढोबळमानाने चाळीस-पन्नास मायक्रॉन, आणि पॉलिशिंगमध्ये आपण त्यातले एक-दोन-तीन मायक्रॉन काढतो. कॉपी करायच्या कागदाची जाडीच साधारण १०० मायक्रॉन असते, त्याच्या निम्म्याच थरावर आपलं सगळं काम चालतं. म्हणून मी आधीच ठरवलं की शंभर टक्के स्वच्छ काढायचा हट्ट धरायचा नाही, ऐंशी टक्के गेले तरी पुरे, उरलेला क्लिअर कोट पुढच्या वर्षांसाठी राहू दे. उन्हापासून रंगाला वाचवणारा तोच थर आहे.

मग परवानगी. हा भाग कुठल्याच व्हिडिओत नसतो आणि वेळ सगळ्यात जास्त यातच गेला. स्टिल्टमध्ये माझा स्वतःचा प्लग पॉइंट नाही, पंप रूमच्या बाहेर एक सॉकेट आहे ते कॉमन मीटरवर. सेक्रेटरी काकांना खाली भेटून विचारलं तर ते म्हणाले, "अगं माझी ना नाही, पण कॉमन मीटरवरून लाइट द्यायची म्हणजे कमिटीसमोर ठेवायला लागेल, उद्या कुणी कारखानाच उघडला तर?" १८ नोव्हेंबरला लेखी अर्ज दिला, दोन प्रती, एकीवर पोच घेतली. त्यात निवडणूक, २० ला मतदान आणि २३ ला निकाल, त्या आठवड्यात कुणालाच वेळ नव्हता. शेवटी १ डिसेंबरच्या रविवारी कमिटीची मीटिंग झाली. मला बोलावलं होतं. पाणी किती लागणार, आवाज किती, लाइट किती, आणि केमिकलने फरशी खराब होणार का, हे चार प्रश्न आले. मी हिशोब लिहूनच नेला होता, मशीन ९०० वॉटचं, सलग सहा तास चालवलं तरी साडेपाच युनिटच्या आत. पाणी चार-पाच बादल्या. आवाज मोठ्या मिक्सरएवढा पण सतत. त्यावर दुपारी १ ते ४ बंद, रात्री ७ नंतर बंद, सुरुवात सकाळी १० च्या आधी नाही, दोन शनिवार-रविवारचे मिळून तीनशे रुपये आणि त्याची पावती, अशा अटींवर मंजुरी मिळाली. मंगळवारी पत्र हातात आलं. सेक्रेटरी काकांनी वॉचमनलाही सांगून ठेवलं, त्याचा खूप उपयोग झाला.

तोपर्यंत सामान जमवत होते. मशीन डीए घेतलं, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, १५ एमएम थ्रोचं (पॅड किती रुंद हलतं ते माप) आणि पाच इंची बॅकिंग प्लेटचं (पॅड जिच्यावर बसतं ती चकती), ऑनलाइन ७,८०० ला. रोटरी मशीन स्वस्त मिळतं आणि काम झपाट्याने होतं, पण ते एकाच आसावर गरगर फिरतं, एका जागी जरा थांबलं की पेंट तापतो, आणि सवय नसलेल्या हाताने त्याचे स्वतःचेच होलोग्राम, म्हणजे उन्हात दिसणारे धुरकट पट्टे, उठतात. डीए फिरतं आणि हलतं पण, आणि जास्त दाबलं तर पॅडचं फिरणंच थांबतं, त्यामुळे नवशिक्याला जास्त सुरक्षित. फोम पॅड तीन मीडियम आणि दोन सॉफ्ट, २,४०० रुपये. बारीक पॉलिशची छोटी बाटली १,३०० आणि कंपाउंडची (म्हणजे जास्त घासणारं पॉलिश) १,५००. क्ले बार (पेंटमध्ये रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा) आणि आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण सोडवणारा स्प्रे) मिळून १,४००. मायक्रोफायबर कापडं चांगली वीसेक, ९०० रुपये. कापडांत कंजूषी करू नका, स्वर्ल काढलेली गाडी पुसताना परत चरे पाडायचे नसतील तर कापड मऊ आणि स्वच्छच हवं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर प्रिन्सेस स्ट्रीटवरून ३५० ला, जाड वायरची एक्स्टेंशन घरात होतीच. मास्किंग टेपचे रोल २४० चे. सेलोटेप चुकूनही वापरू नका, तिचा गोंद रबरला धरतो.

७ डिसेंबरच्या शनिवारी सुरुवात केली. पहिला दिवस पूर्ण धुण्यात आणि साफ करण्यातच घालवायचा असं ठरवलं होतं. पाइप नाही म्हणून झाडांना पाणी मारायचा हातपंपाचा स्प्रे घेतला, त्यात शाम्पूचं पाणी भरून गाडीवर मारलं आणि पाच मिनिटं धूळ सुटू दिली. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी, मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) शाम्पूत बुडवायचा, एक पॅनेल धुवायचं, साध्या पाण्यात खळबळवायचा आणि मगच परत शाम्पूत. वरून खाली. चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या कापडाने. कपड्यांची पावडर नको.

आमची बिल्डिंग रेल्वे लाइनला लागून आहे. चाकं, रूळ, ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाचे अगदी बारीक कण उडतात आणि पेंटमध्ये रुतून बसतात, त्याला रेल डस्ट म्हणतात. पांढऱ्या गाडीवर ते तपकिरी ठिपके म्हणून दिसतात, काळ्यावर काहीच दिसत नाही. पण ब्रेडची पातळ पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवली तर खरखर स्पष्ट लागते. नक्की करून बघा, नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. आयर्न रिमूव्हर मारला आणि दोन मिनिटांत सगळ्या गाडीवरून जांभळे ओघळ यायला लागले, ट्रॅककडच्या बाजूला दुप्पट. वास अगदी घाण येतो, मास्क लावा, आणि तो वाळायच्या आत धुवून टाका. त्यानंतर क्ले बार, शाम्पूच्या पाण्याने भरपूर ओला ठेवून, अजिबात दाब न देता. क्ले खाली जमिनीवर पडला तर तो तुकडा सरळ फेकायचा, त्यात एक जरी खडा चिकटला तरी तो पूर्ण पॅनेलभर ओढला जातो. शेवटी परत पिशवीचा हात फिरवला तर सगळीकडे गुळगुळीत.

रविवारी टेस्ट स्पॉट. कुणाला एकच गोष्ट सांगायची असेल तर मी हीच सांगेन, आख्ख्या गाडीला हात लावायच्या आधी एका चौकोनात सगळं ठरवा. प्रत्येक कंपनीचा क्लिअर कोट कमी-जास्त कडक असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर जे चाललं ते आपल्यावर चालेलच असं नाही, आणि सुरुवात कायम पॅड आणि पॉलिशच्या सगळ्यात सौम्य जोडीने करायची. बॉनेटवर टेप लावून दीड फुटाचा चौकोन केला. बॅकिंग प्लेटच्या कडेला काळ्या मार्करने एक रेघ मारली, म्हणजे पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय हे चालू असताना दिसतं. सॉफ्ट पॅडवर बारीक पॉलिशचे वाटाण्याएवढे चार ठिपके, मशीन बंद असतानाच पेंटवर टेकवलं, एक नंबरच्या स्पीडवर पॉलिश पसरवलं आणि मग साडेचारवर नेलं. तो पहिला क्षण, मशीन सुरू होऊन हाताखाली आपलाच पेंट, माझे खांदे कानापर्यंत आले होते. पण डीए ओढत नाही. नुसतं त्याचं वजन आणि वर थोडासा हात पुरतो. सेकंदाला साधारण एक इंच, इतकं हळू, आधी आडवं मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा येईल असं, चार-पाच वेळा.

पुसलं, त्यावर दहा-पंधरा टक्के अल्कोहोलचं पाणी मारून परत पुसलं (पॉलिशमधलं तेल निघून खरी अवस्था दिसते) आणि टॉर्च मारला. अर्धे स्वर्ल गेले होते, अर्धे तिथेच. मग तेच पॉलिश मीडियम पॅडवर घेतलं. आता टॉर्चचा गोळा बॉनेटमध्ये स्वच्छ दिसत होता, भोवती तुरळक खोल रेषा, बाकी काही नाही. टेप काढली आणि त्या कडेला एका बाजूला खरखरीत करडं आणि दुसऱ्या बाजूला ओलं असल्यासारखं काळं. भाच्याला मदतीला बोलावलं होतं, तो म्हणाला, "मावशी, ही गाडी या रंगाची होती?" आम्ही दोघं तिथेच उभं राहून बराच वेळ नुसतं त्या टेपच्या रेषेकडे बघत होतो. मला रडूच यायचं बाकी होतं.

कंपाउंडसुद्धा एका कोपऱ्यात करून बघितलं, त्याने त्या तुरळक रेषाही जवळपास गेल्या. पण फरक दहा टक्क्यांचा आणि त्यासाठी क्लिअर कोट जास्त जाणार, शिवाय त्यानंतर परत बारीक पॉलिशचा हात लागणारच. म्हणून पूर्ण गाडी बारीक पॉलिश आणि मीडियम पॅडवर करायची आणि कंपाउंड फक्त डिकीच्या वरच्या भागाला, जिथे सामान ठेवून ठेवून जास्त घासलं गेलं होतं, असं ठरलं.

त्या रविवारी संध्याकाळी बॉनेट झालं आणि बाकीचं १४ आणि १५ डिसेंबरला. काम अवघड नाही, लांबट आहे. दोन फुटांचा एक भाग घ्यायचा, करायचा, पुसायचा, टॉर्च, पॅड ब्रशने साफ, पुढचा भाग. पॅडमध्ये निघालेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश भरत जातं, ब्रश नाही केला तर तेच परत घासलं जातं. पॅड हाताला गरम लागलं की बदलायचं. वायर खांद्यावरून मागे घ्यायची म्हणजे ती गाडीला घासत नाही. पॅनेलच्या धारदार कडांवर पेंट आधीच पातळ असतो, तिथे टेप ठेवायची आणि शेवटी कडेजवळ हलका हात द्यायचा. काळ्या खडबडीत प्लास्टिकवरही टेप, कारण पॉलिश तिथे वाळलं की पांढरं पडतं आणि लवकर निघत नाही. बंपरला मी स्पीड कमी ठेवला, प्लास्टिक उष्णता पत्र्यासारखी पसरू देत नाही, पटकन तापतं. रंगवलेल्या उजव्या दरवाज्याला वेगळा टेस्ट स्पॉट केला, तिथे पेंट मऊ निघाला, सॉफ्ट पॅडवरच काम झालं.

मुंबईचे म्हणून दोन त्रास. एक, आमच्या समोरच रिडेव्हलपमेंट चालू आहे, दहाला तिथलं कामही जोरात असतं, धूळ येतच राहते. म्हणून सुरू करायच्या आधी गाडीभोवतीच्या फरशीवर पाणी शिंपडायचो आणि प्रत्येक पॅनेलला मशीन लावायच्या आधी ओलसर मऊ कापडाने एकदा अलगद टिपून घ्यायचो. दुसरा त्रास दमटपणा. डिसेंबर असल्याने निभावलं, जूननंतर मी हे काम हातात घेतलंच नसतं, दमट हवेत पॉलिश वाळत नाही आणि पुसताना चिकट पट्टे उठतात. कधी उठलेच तर त्यावर दुसरं कोरडं कापड लगेच फिरवायचं. खालच्या दरवाज्यांसाठी बसायला पाट घ्या. दुसऱ्या दिवशी कंबर बोलते.

सगळंच गेलं नाही हेही सांगायला हवं. नखाला अडकतो असा एक ओरखडा डाव्या फेंडरवर आहे, तो क्लिअर कोटच्या पार खाली गेलेला, पॉलिशने जाणार नाही आणि मी प्रयत्नही केला नाही. छतावर पक्ष्याच्या विष्ठेने कोरलेले दोन डाग पुसट झाले पण आहेत. बाकी पेट्रोल पंपावर आता लाइटचे गोळे नीट गोळे दिसतात. १५ तारखेला संध्याकाळी सहाला शेवटचा अल्कोहोलचा हात मारून स्प्रे सीलंट (पेंटवर संरक्षक थर देणारा) लावला, घरात आधीचा होता तोच. सिरॅमिक नाही केलं. दगड, फडकं, खडा यांच्यापासून ते चरे थांबवत नाही, आणि माझा प्रश्न फडक्याचाच होता.

त्याबद्दल सोसायटीत गाड्या धुणाऱ्या दादांशी मी त्याच आठवड्यात सकाळी लवकर उतरून बोलले. त्यांनी जे सांगितलं ते सगळ्या गाडीवाल्यांनी ऐकण्यासारखं आहे. "ताई, पाच ते साडेआठमध्ये तीसेक गाड्या होतात. प्रत्येक गाडीला पाणी बदललं तर पाणी किती घेतो म्हणून ओरडा, आणि जरा धूळ राहिली तर पैसे कशाचे देतो म्हणून ओरडा." सातशे रुपये महिन्यात रोज चकाचक गाडी मागणारे आपण, तिथे ते दुसरं काय करणार? आता आमचं ठरलंय की रोज फक्त काचा आणि चाकं, पेंटला कोरडं फडकं अजिबात नाही. बुधवारी आणि रविवारी माझ्याच दोन बादल्या, माझा मिट आणि शाम्पू घेऊन धुवायची, ते सामान पार्किंगमधल्या पेटीत असतं, आणि महिन्याला दोनशे जास्त. एकदा त्यांना टॉर्च मारून जुना आणि नवा भाग दाखवला होता, डिकी तेव्हा बाकी होती. त्यानंतर मला काही परत सांगावं लागलं नाही. मिट खाली पडला तर ते स्वतःच बाजूला ठेवतात. मधल्या दिवसांत गाडी धुळकट दिसते, दिसू दे.

खर्च पावतीसकट १६,१९० झाला, म्हणजे एका गाडीसाठी स्टुडिओच्या दुप्पट. पैसे वाचवायचे म्हणून कुणी करणार असाल तर करू नका, चांगला स्टुडिओ गाठा आणि आधी जाडी मोजायला लावा. घरात दोन-तीन गाड्या असतील किंवा हाताने काम करायची आवड असेल तर मात्र मशीन वर्षानुवर्षं चालतं, बाटल्याही माझ्या निम्म्याच्या वर शिल्लक आहेत, जानेवारीत बहिणीची गाडी केली त्यातच.

ती करताना परत अर्ज द्यावा लागला नाही. आणखी दोघा सभासदांनी विचारलं म्हणून कमिटीने जानेवारीच्या मीटिंगमध्ये नियमच केला, पंप रूमजवळचा कोपरा, वेळा त्याच, दिवसाला शंभर रुपये आणि वॉचमनकडच्या रजिस्टरमध्ये सही. तुमच्या सोसायटीत विचारणार असाल तर मशीनचे वॉट, दिवसाचे युनिट आणि पाण्याच्या बादल्या अर्जातच लिहून द्या, आणि अर्ज मीटिंगच्या किमान पंधरा दिवस आधी द्या म्हणजे अजेंड्यावर येतो.